फॉरमॅट मारण्याआधी: जुना लॅपटॉप, लिनक्स आणि मराठी टायपिंग

बार्शीत कोर्टाच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सची जी दुकानं आहेत त्यातलं एक माझं. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रांचे कच्चे मसुदे, मे महिन्यात लग्नपत्रिका, जूनमध्ये ॲडमिशनचे फॉर्म. मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. टंकलेखनाची मराठी तीस आणि चाळीसची सरकारी परीक्षा खडखडणाऱ्या टाइपरायटरवर पास झालेली बाई आहे. तरी हल्ली दुकानात येणारा दर तिसरा माणूस एकच विचारतो, "ताई, लॅपटॉप जुना झालाय, विंडोज अकरा चढत नाही म्हणतात. विकून टाकू का?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं.

प्रश्न खरा आहे. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. मशीन धडधाकट, कीबोर्ड नीट, स्क्रीन नीट, आणि तरी बाद. भंगारवाला त्याचे किती देतो ते विचारून बघा, रडू येईल.

बहुतेक लोक इथून थेट "लिनक्स टाका" वर उडी मारतात. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी दुसरी, मोकळी सिस्टीम. माझा भाचा पुण्यात कॉलेजात आहे, त्यानेही हेच केलं होतं. एका रविवारी आला, माझं एक मशीन पुसलं, लिनक्स टाकलं, "मावशी, आता तू स्वतंत्र" म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. सोमवारी सकाळी प्रिंटर चालेना, मराठी उमटेना, आणि समोर सात गिऱ्हाइकं. मंगळवारी पाचशे रुपये देऊन मी पुन्हा विंडोज मारून घेतलं. म्हणून माझं सांगणं उलट्या क्रमाने आहे. आधी तुमच्या फाइली सोडवा, मग प्रोग्राम बदला, आणि सगळ्यात शेवटी मशीनला हात लावा.

आधी फाइली

हे मला कळलं ते एका डोंगलमुळे. आमच्या धंद्यात मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं डोंगलवर चालायचं. मशीनच्या मागे बोटाएवढी कुलुपाची काडी लावायची, ती असेल तरच कीबोर्ड मराठी बोलणार. ऐन लग्नसराईत झाडलोट करताना पोराने खुर्ची मागे सारली आणि काडी वाकली. कंपनीला फोन केला. ते म्हणाले, ही आवृत्ती आता बंद झाली, नवीन घ्या. अकरा वर्षांच्या फाइली होत्या माझ्या. मीच टाइप केलेल्या. उघडल्या की मधेच कंस, मधेच डॉलर, मधेच डोक्यावर टोप्या घातलेली युरोपी अक्षरं. मजकूर माझा आणि वाचायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

असं का होतं तेही सांगते. जुने मराठी फॉन्ट खरं तर इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरायचे. मशीनच्या लेखी ती इंग्रजी चिन्हंच. फॉन्ट वरून त्यांना मराठी मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोड या सगळ्या भाषांसाठी ठरवलेल्या पद्धतीत "क" हा "क" म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कुठलाही असो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण छापखाने आणि डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांनाच धरून बसले. मीसुद्धा.

तर पहिलं काम: तुमच्या सगळ्या जुन्या मराठी फाइली तपासा. मजकुराचा एक तुकडा उचलून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. कचरा दिसला तर जुना फॉन्ट, आणि तो मजकूर बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्ट-घराण्याचा वेगळा लागतो. फाइल अजून उघडते आहे, डोंगल अजून जिवंत आहे, तोवर हे उरकून घ्या.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. रफार एक घर पुढे-मागे होतो. आणि सगळ्यात छुपी चूक, जी डोळ्याला दिसतच नाही, ती "ऱ्य" ची. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात फरक आहे. लग्नाच्या हिशेबात तर फारच. हा "ऱ्य" दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एक, "ऱ" हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडलेला. दुसरा, साधा "र", पाय मोडलेला, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण शोधायला गेलात तर एकाने दुसरा सापडत नाही. एका पक्षकाराचं आडनाव शोधताना मी अर्धा तास घालवलाय, फाइल समोर उघडी असताना. "ॲडव्होकेट" चंही तेच: कुणी एकसंध "ॲ" टाइप करतं, कुणी "अ" वर चंद्र चढवतं, कुणी हिंदीचा "ऍ" वापरतं. वकिलांच्या गल्लीत बसून हा शब्द सापडत नसेल तर धंदा कसा करायचा? उपाय सोपा आहे. शोधा-आणि-बदला उघडा, चुकीचं रूप फाइलीतूनच उचलून वरच्या चौकटीत चिकटवा, बरोबर रूप खालच्या चौकटीत, आणि एकदाच सगळीकडे बदला.

हे झालं की सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. घेतली म्हणजे झालं असं नाही. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, मेलचं जुनं खातं. "डेस्कटॉपवर होतं हो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

मग प्रोग्राम, पण विंडोजवरच

इथे एक गोष्ट बोलून टाकते. ओपन सोर्सची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा सॉफ्टवेअरची, तारीफ करताना शहाणी माणसं म्हणतात, "बघा, फुकट आहे." आमच्याकडे यावर कुणी डोळासुद्धा वर करत नाही, कारण आमच्याकडे सगळंच फुकट आहे. पाचशे रुपयांत फॉरमॅट मारणारा पोरगा विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल असं सगळं एका पेनड्राइव्हमधून ओततो. त्याला बिल मागा, हसेल. म्हणजे लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिसची झुंज विकतच्या ऑफिसशी नाही, क्रॅकशी, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रतीशी आहे. आणि क्रॅक चालवायला पहिली सूचना काय असते? "आधी अँटिव्हायरस बंद करा." घराचं दार सताड उघडं ठेवून बिनपैशाची कडी बसवून घेण्यातला हा प्रकार. पक्षकारांची आधारकार्डं ज्या मशीनवर स्कॅन होतात तिथे मी हे अकरा वर्षं केलं, लाज वाटते सांगायला.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून तो माणूस सांगत आलाय की "फ्री" चा अर्थ किंमत नव्हे, मोकळीक. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने त्याचा घोळ होतो. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द तयार आहेत, तरी आपण फुकट ते पौष्टिक म्हणून मोकळे. मला मुक्त चा अर्थ डोंगल मोडल्यावर कळला. फाइल कशी साठवली आहे हे उघड असेल, तर एक कंपनी बुडाली, बदलली किंवा रुसली तरी दुसरा कुणीतरी ती वाचणारा प्रोग्राम लिहू शकतो. २०१० मध्ये असंच झालं. ओपनऑफिसचा मालक बदलला, काम करणाऱ्यांना भरवसा वाटेना, तेव्हा त्यांनी सगळा कोड उचलून लिबरऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. मालकाची परवानगी लागली नाही. माझ्या डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचं असं करता आलं असतं का?

तर आत्ता जे विंडोज आहे त्यावरच लिबरऑफिस, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि व्हिडिओ बघायला व्हीएलसी टाका, आणि एक महिना फक्त तेच वापरा. लिनक्सवरही हेच असणार आहेत, म्हणून हात आत्ताच बसवून घ्यायचा. महिनाभरात जमलं नाही तर लिनक्सच्या वाटेला जाऊच नका, काही बिघडत नाही.

लिबरऑफिसच्या रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये, मराठी माणसाला पहिल्या दिवशी छळणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. तो इंग्रजी आणि देवनागरीसाठी दोन वेगळे फॉन्ट आणि दोन वेगळे आकार धरतो. तुम्ही वरून चौदा निवडता, इंग्रजी चौदा होतं, मराठी बाराच राहते, आणि तुम्हाला वाटतं बिघाड आहे. बिघाड नाही. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषांचं पान, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा. मग परिच्छेदाच्या मूळ स्टाइलमध्ये जाऊन फॉन्टच्या पानावर दोन्ही रकान्यांत फॉन्ट आणि आकार एकदाच ठरवून टाका. ही भाषा मराठी ठेवण्याचा अजून एक फायदा: ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत "ल" आणि "श" आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हिंदी पद्धतीचे नाही. पत्रिका छापणाऱ्याला हा फरक लगेच खुपतो. मी मजकुराला नोटो आणि मुक्ता वापरते, मथळ्याला बालू. मुक्ता आणि बालू मुंबईच्या एक टाइपने केलेले आहेत आणि मुक्त परवान्यावर आहेत. पत्रिकेत छापा, बॅनरवर छापा, कुणी विचारायला येत नाही.

रोजच्या मजकुरासाठी ऑटोटेक्स्ट शिका. "मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" हे वाक्य मी आता टाइप करत नाही. दोन अक्षरं आणि एफ ३, की वाक्य हजर. फक्त "देतो" चं "देते" करायला विसरू नका, एकदा सरपंचबाईंनी खूप ऐकवलं होतं.

वकीलसाहेबांना फाइल पाठवताना वर्डच्या स्वरूपात पाठवलीत तर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसल्यास ओळी सरकतात. करारनाम्यात हे चालत नाही, कारण स्टॅम्पपेपरचं पहिलं पान अर्ध्यातून सुरू होतं आणि एक ओळ खाली घसरली की सहीची जागा पुढच्या पानावर जाते. हल्ली तो कागद पाचशेचा आहे. म्हणून पीडीएफ करा, आणि करताना हायब्रिड पीडीएफची खूण करा. मग तीच फाइल मोबाइलवर पीडीएफ म्हणून दिसते, आणि लिबरऑफिसमध्ये उघडली की दुरुस्तही करता येते. इतकी चांगली सोय असून ती कुणाला माहीत नसते.

आता मशीन

महिना निघाला? मग पुढे. मी लिनक्स मिंट वापरते. लिनक्सच्या शेकडो जाती आहेत आणि कुठली चांगली यावर भाच्यासारखी मंडळी रात्र रात्र भांडतात. तुम्ही त्यात पडू नका. मिंटचा मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, जिथे तुमचा हात आपोआप जातो, एवढं कारण मला पुरलं. २२ ची मालिका घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई हा हलका प्रकार, आठ असेल तर सिनॅमन. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडून ठेवायची सवय असेल तर मात्र दोन्ही गुदमरतील.

एक खर्च मात्र करा. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. माझ्या तिसऱ्या पिढीच्या आय-३ लॅपटॉपला लिनक्सने जेवढं पळवलं त्याहून जास्त एसएसडीने पळवलं, हे प्रामाणिकपणे सांगते. लिनक्सवाले याचं श्रेय स्वतःकडे घेतात.

मिंटच्या साइटवरून उतरवायची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. उतरवल्यावर ती खरी आहे का हे तपासा. हा वेडेपणा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवर घुसून कुणीतरी मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, ठेवलेली बनावट फाइल लावली होती, आणि त्या दिवशी ती घेणाऱ्यांना तीच मिळाली. तपासायचं कसं? पेनड्राइव्ह बनवायला रूफस नावाचा छोटा प्रोग्राम लागतोच. त्यात फाइल निवडल्यावर चेकसम, म्हणजे फाइलीचा अंगठा, काढायचं बटण आहे. एसएचए-२५६ च्या ओळीत चौसष्ट चिन्हं येतात. तीच मिंटच्या पानावर दिलेली असतात. मी सुरुवातीची आठ, मधली आठ आणि शेवटची आठ मोठ्याने वाचते आणि दुकानातला पोरगा दुसऱ्या पडद्यावर बघून "हो" म्हणतो. आमचं मतमोजणीसारखं चालतं.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा घ्या, रिकामा, कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मग मशीन बंद करून चालू करताना बूटची कळ, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची कळ, दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असूसला एस्केप. एसरला एफ १२ असते, पण ती बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्ये, आधी चालू करावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं. अजून काही पुसलं गेलेलं नाही. इथे घाई करू नका, चहा मागवा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का. आणि प्रिंटर. तो लावून एक पान काढा. एचपीचे बरेच प्रिंटर आपोआप ओळखले जातात. पण झेरॉक्सच्या दुकानादुकानात दिसणारा एक छोटा जुना लेझर प्रिंटर आहे, त्याची भाषा कंपनीने कुणाला नीट सांगितलेलीच नाही. त्याला लिनक्सवर बोलतं करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पेनड्राइव्हवर जे चाललं नाही ते नंतर आपोआप चालेल अशी आशा धरू नका. वायफाय तेवढं अपवाद. ते दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बरेचदा सुटतं.

सगळं पटलं तर डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चित्रावर जा. विचारेल, पूर्ण डिस्क पुसू की विंडोजच्या शेजारी बसू? शेजारी बसवणं सुरक्षित वाटतं. माझा अनुभव असा की शेजारी विंडोज असलं की पहिल्या अडचणीला माणूस तिकडे पळतो, आणि मिंट सहा महिने धूळ खातं. डिस्कची प्रत तपासून ठेवली असेल तर पुसा. नसेल तर मागे जाऊन पहिला भाग पुन्हा वाचा. मल्टिमीडिया कोडेकची खूण करा, नाहीतर व्हिडिओ चालणार नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत होतं.

नंतर दोनच गोष्टी लगेच करा. अपडेट मॅनेजर चालवा. आणि टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर मशीन त्या दिवसावर परत नेता येतं. पण हा फक्त सिस्टीमचा असतो, तुमच्या फाइलींचा नाही; त्यांची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

कीबोर्ड

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, आधीच आहे. निवडा, इंग्रजी-मराठी बदलायची कळ ठरवा, झालं. डोंगल नाही, सीडी नाही, सिरियल नंबर नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत बसले होते.

मोबाइलवर इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहिणारी पोरं म्हणतात, इनस्क्रिप्ट कशाला, "नमस्कार" रोमनमध्ये मारलं की येतंच की. दोन ओळींच्या निरोपाला चालेल. दिवसाला चाळीस पानं काढायची तर प्रत्येक शब्दाला सुचवलेल्या यादीतून निवडत बसणं परवडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये डावा हात मुख्यतः स्वरांचा, उजवा मुख्यतः व्यंजनांचा. "के" वर क, शिफ्टसकट ख. "आय" वर ग, शिफ्टसकट घ. "डी" म्हणजे पाय मोडायचा. "नमस्कार" म्हणजे व्ही, सी, एम, डी, के, ई, जे. सात कळा, बोललात त्याच क्रमाने.

टाइपरायटरवर शिकलेल्यांना हाच क्रम नडतो. आमच्या बोटांना पहिली वेलांटी आधी मारायची सवय, अक्षर मागून. इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर. ती डावीकडे नेऊन ठेवायचं काम मशीनचं. रफारही तसाच: टाइपरायटरवर तो अक्षरानंतर डोक्यावर ठेवायचो, इथे "सूर्य" मधला र जिथे बोलता तिथेच मारायचा आणि पाय मोडायचा. आणि मघाचा "ऱ": "जे" वर साधा र, शिफ्ट-जे वर ऱ. "दर्या" म्हणजे ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई. "दऱ्या" म्हणजे ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. एका शिफ्टवर समुद्राच्या जागी दऱ्या येतात. मला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा मी घरी रोज एक पान वर्तमानपत्रातलं उतरवून काढायची, दुकानात जुनंच. दोन्ही एकदम चालवू नका, बोटं वेडी होतात.

जे होणार नाही ते

माझ्याकडे अजून एक विंडोजचं मशीन आहे, आणि ते मी काढणार नाही. अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीची काडी, टॅली, कोरलमधल्या जुन्या पत्रिका, ही सगळी तिथे. लिबरऑफिस ड्रॉमध्ये कोरलच्या फाइली उघडतात, पण जुन्या फॉन्टातला मजकूर असेल तर पुन्हा तोच टोप्यांचा कचरा. इंकस्केप या कोरलसारख्या मुक्त प्रोग्राममध्ये नवीन पत्रिका छान होतात. जुन्याच हव्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगून उपयोग नाही. तुमचं पोटापाण्याचं काम अशाच एखाद्या गोष्टीवर असेल तर लिनक्सवर जाऊ नका, आणि कुणी टोमणे मारले तर मनावर घेऊ नका.

ओपन सोर्स म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही खरं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मागचं दार सापडलं. ते सांभाळणारा माणूस एकटा, थकलेला, बिनपगारी. मदतीच्या मिषाने दुसरा कुणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून आत शिरला आणि त्याने ते दार बसवलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला, आणि कोड उघडा असल्याने तो शेवटपर्यंत खणत गेला. मला यात दोन्ही बाजू दिसतात. पण जास्त दिसतो तो एकटा माणूस. माझ्याकडेही लोक येतात, "एक पानच तर आहे ताई, असंच द्या." एक पान असंच, दुसरं असंच, आणि संध्याकाळी टोनर संपतो.

म्हणून मी वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, मिंटला थोडे पैसे पाठवते. पाचशे. फॉरमॅट मारणाऱ्या पोराला द्यायचे तेवढेच. पैसे नसतील तर चूक सापडली की नीट लिहून कळवा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. "चालत नाही" एवढंच लिहू नका. आमच्याकडे "अर्ज करून द्या" एवढंच म्हणणारं गिऱ्हाईक येतं तेव्हा कसं वाटतं, तसंच त्यांना वाटत असणार.

आणि एक वही करा. कागदाची. मशीनवर काही बदललं की तारीख घालून लिहा: कुठल्या सेटिंगमध्ये गेलो, काय टिचकी मारली, कुणाच्या सांगण्यावरून. टर्मिनलमधली, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतली, ओळ कुठून उचलून चिकटवली असेल तर ती ओळही लिहा. सहा महिन्यांनी तेच बिघडतं आणि तेव्हा भाचा फोन उचलत नाही. माझ्या वहीचं पहिलं पान त्या प्रिंटरचं आहे, तीनदा खोडलेलं.